रोलर ओढणाऱ्या हातांची फिरकी : पालवणकर बाळू

पिपरी मेघे (वर्धा), प्रतिनिधी : उन्हाळ्याच्या सुट्यांत सायंकाळी पाचनंतर पिपरी मेघेतील कोणत्याही मोकळ्या भूखंडापाशी थांबले, की भौतिकशास्त्राचा एक प्रयोग फुकटात पाहायला मिळतो. काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात. सिमेंट भरलेला पत्र्याचा पिंप ओढून मुलांनी बावीस पावलांची पट्टी कशीबशी दाबून घेतलेली असते. दाबलेल्या भागावर चेंडू पडला तर तो मुकाट्याने सरळ येतो. तोच चेंडू, त्याच मुलाच्या मनगटातून सुटून भेगेच्या कडेवर किंवा भुसभुशीत ढेकळावर पडला, तर हातभर वळतो आणि फलंदाज हवेत बॅट फिरवून वेड्यासारखा मागे पाहत राहतो. मुलगा बदललेला नसतो, चेंडूही तोच असतो; बदललेली असते ती माती.

मातीचा हा स्वभाव ज्यांनी पुस्तकातून नव्हे तर खांद्याला दोर लावून शिकून घेतला, अशा एका माणसाचे चरित्र यानिमित्ताने आठवते. भारतीय क्रिकेटचे पहिले थोर फिरकी गोलंदाज म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते पालवणकर बाळू. त्यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातले, जात चर्मकार, वडील लष्कराच्या नोकरीत. पुण्याच्या लष्करी वस्तीत बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ वाढले. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या चेंडू-बॅटींवर या मुलांचे क्रिकेट सुरू झाले. शाळा लवकर सुटली. मग नोकरी मिळाली ती पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथे एक रुपया वाढला. कामे होती खेळपट्टी दाबण्याची, चुन्याच्या रेषा आखण्याची आणि सरावासाठी जाळी उभारण्याची.

क्रिकेटच्या बहुतेक चरित्रांत हा भाग हलाखीचे दिवस म्हणून दोन ओळींत आटोपला जातो. प्रस्तुत प्रतिनिधीला मात्र तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गोलंदाजाला चेंडू आपल्या हातातला ठाऊक असतो. तो जिथे पडणार त्या जमिनीविषयी मात्र त्याला अंदाजावरच भागवावे लागते. बाळूंचे तसे नव्हते. पाणी किती शिंपले म्हणजे माती बसते, रोलर किती वेळ फिरवला म्हणजे तिच्यावर तकाकी येते, दुपारच्या उन्हात ती कुठल्या जागी आधी फुटते, हे रोज पाहणे त्यांच्या पोटापाण्याचा भाग होते. पुढे हेच गृहस्थ चेंडू घेऊन त्या पट्टीसमोर उभे राहिले, तेव्हा समोरच्या फलंदाजापेक्षा त्यांना एक गोष्ट अधिक माहीत होती.

ही गोष्ट कोणती, हे समजण्यासाठी चेंडूचा प्रवास थोडा सावकाश पाहावा लागेल.

हातातून सुटलेल्या चेंडूवर हवेत असताना मुख्य सत्ता चालते ती गुरुत्वाकर्षणाची. चेंडू किती वेगाने पुढे चालला आहे याच्याशी खाली पडण्याला काही कर्तव्य नसते. इटलीच्या गॅलिलिओने उताराच्या पन्हाळीतून गोळ्या घरंगळत सोडून हा हिशेब मांडला आणि १६३८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्या हिशेबाने दोन मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू, मग ती नुसती सोडलेली असो की क्षितिजसमांतर फेकलेली, सुमारे ०.६४ सेकंदात जमिनीला टेकते. मंदगती गोलंदाजाचा चेंडू ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला वीस मीटर वेगाने आडवा निघाला असे धरले, तर एवढ्या वेळात तो सुमारे तेरा मीटर पुढे जातो. गोलंदाजाच्या आणि फलंदाजाच्या क्रीझमधील अंतर साडेसतरा मीटरहून थोडे अधिक. म्हणजे टप्पा फलंदाजापासून पावणेपाच-पाच मीटरवर पडतो. पुढे यावे की मागे जावे, असा पेच पाडणारी हीच ती जागा. हवेचा विरोध येथे हिशेबात घेतलेला नाही, पण ढोबळ चित्र चुकत नाही.

आता हाच चेंडू थोडा वर उडवून दिला, तर? तीन मीटर उंची गाठून खाली येणारा चेंडू जमिनीवर आदळताना त्याचा खालच्या दिशेचा वेग दोन मीटरवरून पडणाऱ्या चेंडूपेक्षा एक पंचमांशाहून थोडा अधिक असतो. उंची दिलेल्या चेंडूचा मोह फलंदाजाला पडतो हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामागे दडलेली दुसरी गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. फ्रान्सच्या आमोंताँ या संशोधकाने १६९९ मध्ये दाखवून दिले होते, की दोन पृष्ठभागांमधील घर्षण त्यांना एकमेकांवर दाबणाऱ्या जोरावर अवलंबून असते. चेंडू जितक्या जोराने मातीत दाबला जातो, तितकी माती त्याला घट्ट पकडते. ही पकड सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरतीच असते. पण बोटांनी दिलेल्या फिरकीचे वळणात रूपांतर होते ते याच क्षणी. गरगरणारा चेंडू टेकतो तेव्हा त्याचा खालचा भाग मातीवर एका बाजूला घसरू पाहतो; घर्षण त्याच्या उलट दिशेला ढकलते आणि चेंडू वाट बदलतो. उंची देणारा गोलंदाज गुरुत्वाकर्षणाकडून उसने घेतो आणि ते घर्षणाकडे वसूल करतो, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

त्यात आणखी एक मेख आहे. चेंडू नुसता बाजूलाच घसरत नाही, पुढेही घसरत असतो. घर्षणाचा पुष्कळसा जोर पुढची धाव रोखण्यातच खर्च होतो. बाजूला वळवण्यासाठी उरतो तो हिस्सा लहान. चेंडू संथ असेल तर हा हिस्सा वाढतो. द्रुतगती गोलंदाजाने बोटांनी कितीही चाळे केले तरी त्याचा चेंडू फिरकी गोलंदाजासारखा वळत नाही, याचे हे एक कारण होय. आणि खेळपट्टी गुळगुळीत, काचेसारखी दाबलेली असेल तर घर्षणच कमी. मग बोटांची सारी मेहनत वाया जाते, चेंडू नुसता सरकून पुढे जातो.

बाळूंच्या आयुष्यातला एक प्रसंग या शेवटच्या वाक्याशी नेमका जोडलेला आहे. पूना क्लबात ते आधी नुसते राबत होते. मग एका गोऱ्या खेळाडूने त्यांना सरावासाठी चेंडू टाकायला सांगितले. डावा हात, सहज लय, चेंडूवर विलक्षण ताबा. पुढे प्रसिद्ध फलंदाज कॅप्टन ग्रेग त्यांच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करवून घेऊ लागले. बाद केल्याबद्दल दर वेळी आठ आणे देत, असे सांगितले जाते. शेकडो तासांच्या या सरावात बाळूंना कुणी फलंदाजी मात्र करू दिली नाही. चेंडू टाकणे हे राबणाऱ्याचे काम आणि बॅट चालवणे हे साहेबाचे, अशी ती वाटणी होती.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांच्या संघाशी सामने खेळायचे होते आणि गावातला सर्वांत चांगला गोलंदाज कोण, हे उघड होते. बाळूंना घ्यावे की नाही यावर क्लबात वाद झाला. अखेर त्यांना घेतले गेले, ते खेळण्यापुरते. मैदानात तोच चेंडू साऱ्यांच्या हातून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाचे पानही वेगळे असे. चेंडू विटाळत नव्हता. कप विटाळत होता. या विसंगतीचे त्या काळी फारसे कुणाला आश्चर्य वाटले नाही, हेच खरे आश्चर्य म्हटले पाहिजे.

याच क्लबाचा सामना साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी ठरला. बाळूंची कीर्ती तिकडे आधीच पोहोचली होती. त्यांच्या फिरकीचे दात पाडण्यासाठी साताऱ्याच्या मंडळींनी खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून घेतला. घर्षण काढून घ्या म्हणजे बाळू संपला, असा तो सरळ हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता. माणूस चुकीचा निवडला होता. रोलरने केलेली जमीन रोलरवाल्यालाच कशी फसवणार? बाळूंनी सात बळी घेतले आणि सामना जिंकून दिला. घोटलेल्या खेळपट्टीवर वळण कमी मिळते, पण उंची, टप्पा आणि वेग यांतील फेरफार कोणताही रोलर सपाट करू शकत नाही. गुरुत्वाकर्षणाला आठवडाभर दाबून ठेवण्याची सोय साताऱ्यात नव्हती. बाळूंची गोलंदाजी पाहिलेल्या समकालीनांच्या वर्णनांत दोन्ही बाजूंना वळणारे चेंडू, हवेतच आत-बाहेर होणारी चाल आणि वेगातील बेमालूम बदल यांचा उल्लेख येतो, तो याच अर्थाने लक्षात घेण्यासारखा आहे. या यशानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी बाळूंचा जाहीर गौरव केला आणि सोबत खेळणाऱ्यांनी सोबत जेवायलाही हरकत नसावी, अशी भूमिका घेतली.

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईला गेले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशाला काही सभासदांचा विरोध होता. तो बाजूला सारून त्यांना घेण्यात आले. उदरनिर्वाहासाठी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली. धाकटे बंधू शिवराम हेही संघात आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन संघांत मुंबईत सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. राज्यकर्त्यांचा १०९ धावांनी पराभव झाला आणि त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. त्या काळच्या वृत्तपत्रांनी विजयाइतकीच आणखी एका गोष्टीची दखल घेतली. मुंबईत बाळू संघातील सहकाऱ्यांसोबत एकाच टेबलावर जेवत होते. पुण्याच्या मातीच्या भांड्यापासून तिथवरचे अंतर बावीस यार्डांपेक्षा पुष्कळ मोठे होते.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळू तेव्हा पस्तिशीत होते. संघाची कामगिरी यथातथाच झाली. प्रथम श्रेणीच्या चौदा सामन्यांपैकी दोनच जिंकता आले, लिस्टरशायर आणि सॉमरसेट या कौंट्यांविरुद्धचे. बाळूंनी मात्र प्रथम श्रेणीत ७५ आणि सर्व सामने धरून ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत आठ बळी ही त्यांची एका डावातील सर्वोत्तम कामगिरी. परक्या देशातील माती, वेगळे गवत, वेगळी हवा, आणि त्या वर्षी इंग्लंडात उन्हाळाही विलक्षण कडक. ज्याला प्रत्येक गावची जमीन नव्याने वाचता येते, तोच गोलंदाज असा दौरा पेलू शकतो.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांना बाळूंविषयी मोठा अभिमान होता. वर्तमानपत्रांत ज्यांचे नाव सन्मानाने छापून येते असा आपला माणूस, हे त्या पिढीला नवे होते.

आणि तरीही संघाचे नेतृत्व त्यांना मिळाले नाही. गोलंदाजी करायला बाळू हवेत, विजय मिळवून द्यायला बाळू हवेत, पण नाणेफेकीला जायला दुसरे कोणीतरी. १९१२ पासून तिरंगी स्पर्धा चौरंगी झाली, हिंदू, पारशी, युरोपियन आणि मुस्लिम असे चार संघ झाले, वर्षे जात राहिली. खुद्द कर्णधार एम. डी. पै यांनीही हा मान बाळूंचा होता, असे जाहीरपणे मान्य केले होते. १९२० मध्ये ठिणगी पडली. बाळूंना संघातून वगळले गेले आणि पै उपलब्ध नसताना नेतृत्व शिवराम किंवा विठ्ठल या त्यांच्या बंधूंऐवजी तरुण दि. ब. देवधरांकडे सोपवले गेले. दोघा भावांनी निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. कारण त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले : जात. लोकमत त्यांच्या बाजूने झाले. पुढच्या सामन्यासाठी भाऊ परत आले, बाळूंना उपकर्णधार केले गेले आणि सामना सुरू असताना पै काही काळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ क्षेत्ररक्षण लावण्याचा अधिकार बाळूंना मिळाला. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला त्याच्या हक्काची वस्तू अशी मागच्या दाराने दिली जावी, हे वाचताना आजही बरे वाटत नाही. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले, तेव्हा घराण्याचा हा हिशेब काही अंशी चुकता झाला.

या साऱ्या काळात आपला वर्धा जिल्हाही याच प्रश्नाशी झगडत होता. पिपरी मेघेपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या वर्धा शहरात जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांसाठी खुले केले. नोव्हेंबर १९३३ मध्ये महात्मा गांधींची हरिजन यात्रा वर्ध्यातूनच सुरू झाली. त्या यात्रेच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर १९३२ मध्ये, येरवड्याच्या तुरुंगातील उपोषणाच्या पार्श्वभूमीवर पुणे करार झाला आणि त्यावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव होते. स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीवर बाळू आणि डॉ. आंबेडकर यांचे मार्ग वेगळे झाले होते. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्या तरुणाने कधीकाळी ज्यांचे कौतुक केले, त्यांनीच त्याच्यासमोर उमेदवार म्हणून उभे राहावे, यात पक्षाचा डावपेच किती आणि बाळूंचा स्वतःचा विचार किती, हे मोजणे अवघड आहे. पण आपली बाजू त्यांना मनापासून पटलेली होती, हे पुणे करारावरील सहीवरून मानावे लागते.

क्रिकेटमधील त्यांचे आकडे थोडक्यात सांगता येतात. प्रथम श्रेणीचे सामने ३३, बळी १७९, सरासरी १५.२१. सामने इतके कमी, कारण त्या काळी खेळायला मिळतच कमी. आमच्या विदर्भाचे सी. के. नायडू १९१६ मध्ये त्याच हिंदू संघातून पुढे आले. १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर त्यांनी एमसीसीविरुद्ध १५३ धावा करताना अकरा षटकार मारले आणि गुरुत्वाकर्षणाने चेंडू खाली आणण्याआधीच त्याला सीमेपार धाडण्याचा दुसरा मार्ग दाखवला. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला, तेव्हा कर्णधार म्हणून नागपूरचे हेच नायडू उतरले. बाळू त्या वेळी छप्पन्न वर्षांचे होते. कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.